जोडपानाचं रान

रोहिणखेड,
कार्तिक शु. ८, शके १८५७

स्वामींचे पायांशी गीताचा नमस्कार.

तुम्ही गेलात त्या दिवशी आमच्या घरात दिवे लागेपर्यंत तुमचाच विषय होता. आमचे दादा, म्हणजे तुमचे मेहुणे वामनराव, सगळ्यांना सांगत होते की जावयांनी पाडव्याच्या जेवणात वरणभात बाजूला ठेवून आधी पत्रावळ उलटी केली आणि पळसाचं पान कुठल्या जमिनीतलं ते सांगितलं. आई म्हणते, पोट भरलं की नाही ते विचारायचं राहूनच गेलं.

मशिदीमागच्या माळावर आपण गेलो होतो तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. तुम्ही चारी बाजूंनी बघून म्हणालात, "हा काटेरी झुडपी प्रकार." मी त्या माळावर परकरात बोरं गोळा करत मोठी झाले. त्याला कुणी प्रकार म्हणेल असं कधी मनात आलं नव्हतं. राग नाही आला. बोरीच्या काट्यात माझा पदर अडकला तो तुम्ही खाली बसून सोडवलात, आणि त्या वेळी कुठलाच प्रकार सांगितला नाहीत. तेवढंच मी जपून ठेवलं आहे.

मार्गशीर्ष लागला की मला सासरी उंद्रीला जायचं. म्हणून हे आत्ताच लिहून घेते, कारण इथे पाकीट माझं मी चिकटवते. उंद्रीला आलेलं पत्र आधी ओसरीवर जातं. थोरले भाऊजी घसा खाकरून ते मोठ्याने वाचतात, मामाजी डोळे मिटून ऐकतात, शेजारचे पंजाबराव तंबाखू मळत ऐकतात, आणि मी दाराआड उभी असते. माझं उत्तरही पेटीत पडायच्या आधी भाऊजी वाचून दाखवतात. भाऊजी वाईट नाहीत, रीतच तशी आहे. पण पंजाबरावांसमोर वाचलं जाईल असं मी तुम्हाला काय लिहू? गाय व्याली, ज्वारी निसवली, कळावे.

लग्नाला दीड वर्ष झालं. त्यातले बहुतेक दिवस तुम्ही डोंगरात आणि मी दाराआड. मला तुमच्याशी बोलायचं असतं. दुसरं काही मागणं नाही.

तुमची,
गीता

—

मु. तंबू, जामोदच्या वरचा डोंगर,
ता. १६ नोव्हेंबर १९३५

चि. सौ. गीता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र जळगावच्या डाकेतून आमच्या कडूबानं आणलं. कडूबा म्हणजे आमचा मोजणीची साखळी ओढणारा. त्याला वाटलं सरकारी असेल, म्हणून त्यानं ते साहेबांच्याच हातात दिलं. पाकीट बंद होतं हे नशीब.

तू विचारत नाहीस, पण मी काय करतो ते सांगतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. वऱ्हाडातल्या रानांचा नकाशा करायचा आहे, कुठे कुठल्या प्रकारचं रान ते दाखवणारा. कागदावर सरळ रेघ ओढायची आणि त्या रेघेनं चालत सुटायचं, मध्ये नाला येवो की कडा. ठरलेल्या अंतरावर थांबून भोवतालची झाडं मोजायची. निम्म्याहून जास्त एकाच जातीची निघाली तर रानाला त्या झाडाचं नाव. तसं नसेल तर लिहायचं 'मिश्र'. मग प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग. साहेब एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, नुसत्या मोठ्या झाडांवरून प्रकार ठरवू नका. खाली रोप कशाचं उगवतंय ते बघा, उद्याचं रान तिथे आहे.

आता तुझ्या दाराआड उभं राहण्यावर मी एक युक्ती काढली आहे. मी कार्डात रानाचंच लिहीन. आबांना आणि भाऊला ते आवडेलच. पण तू तुझ्यापुरतं वेगळं वाचायचं.

सालईचं रान लागलं असं मी लिहिलं, तर एकटा पडलो आहे असं समज. सालई उघड्या कड्यावर उभी असते, हिवाळा सरला की अंगावर पान राहत नाही, आणि खाली रोपही फारसं दिसत नाही. काटेरी रान लागलं तर साहेबांची बोलणी खाल्ली. आणि अंजनाचं लागलं तर ते तुझं आणि माझं. अंजनाचं पान तू पाहिलेलं नाहीस म्हणून सोबत एक ठेवलं आहे. एका देठावर दोन पानं, समोरासमोर. दसऱ्याचं आपट्याचं पान एकच असून मध्ये चिरलेलं असतं. हे तसं नाही. ही दोन वेगळी पानं आहेत आणि देठ एक आहे. आम्ही त्याला जोडपान म्हणतो.

तूही तुझ्याकडची झाडं अशीच लिही. उंद्रीला झाडांना तोटा नाही.

मला पदराचं आठवतं. तेव्हा प्रकार सुचला नाही, कारण काहीच सुचलं नाही.

तुझा,
शालिग्राम

—

(कार्ड)
मु. तंबू,
ता. ११ डिसेंबर १९३५

ती. आबांचे चरणी शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. आई, भाऊ, वहिनी सर्वांस यथायोग्य.

इकडे थंडी फार आहे, तब्येत ठीक. गेले दोन आठवडे सालईचंच रान चालू आहे. कड्यामागून कडा, सगळीकडे सालई. मध्ये एक दिवस काटेरी लागलं, ते ओलांडलं. परवा मात्र नाल्याच्या वरच्या अंगाला अंजनाचं दाट रान लागलं. काम संपलं तरी तिथून पाय निघेना. कडूबा म्हणाला, आता काय मोजून राह्यले? आबा, असं रान आपल्या बाजूला फक्त बोथ्याच्या घाटाकडे असेल. संक्रांतीला घरी येण्याची खटपट करतो आहे. चि. सौ. गीता हिस आशीर्वाद. तिनं तिकडच्या झाडांची हकिकत लिहावी, कामाला उपयोगी पडते.

आपला,
शालिग्राम

—

(कार्ड)
उंद्री,
मार्गशीर्ष व. १०, शके १८५७

स्वामींस गीताचा शिरसाष्टांग नमस्कार. मामाजींच्या सांगण्यावरून लिहिते.

घरी सर्व खुशाल. कापूस खामगावला गेला. तुमचं कार्ड भाऊजींनी दोनदा वाचलं. पंजाबरावांना अंजनाचं ऐकून नवल वाटलं. ते म्हणाले, "झाड पाहून पाय निघत नाही म्हंजे सावली चांगली असन."

झाडांची हकिकत लिहायला सांगितलीत. आपल्या मळ्याच्या बांधावर अंजन नाही, पण मी असल्यासारखं धरून चालते. बाकी सालई इथेही आहे, विशेषतः संध्याकाळी. यंदा वेशीतल्या चिंचेला फार गोडी आली आहे. सासूबाई रोज आणवून देतात, आणि जाऊबाई पुष्पाबाई माझ्याकडे बघून हसतात. ही चिंच तुमच्या कुठल्या प्रकारात बसते ते कळवावं. संक्रांतीची वाट पाहत आहोत. मी म्हणजे घरातली सगळीच.

सेविका गीता

—

(कार्ड)
मु. तंबू,
ता. ९ जानेवारी १९३६

ती. आबांचे चरणी साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला येणं होत नाही. साहेब म्हणाले, होळीआधी या डोंगराचं काम पुरं झालंच पाहिजे. फार काटेरी दिवस आहेत.

गीताने चिंचेबद्दल विचारलं होतं. चिंच रानाच्या प्रकारात धरत नाहीत, ते माणसानं लावलेलं झाड आहे.

आबा, एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे. होळीनंतर आमची पार्टी चांद्याकडे जाणार, तिकडची रानं करायला दोन वर्षं तरी लागतील. साहेब मला वरची जागा देतो म्हणतात. त्याच वेळी बोथ्याच्या नाक्यावर एक जागा रिकामी होत आहे. वरची नाही, आहे तेवढीच. पण तिथे राहायला खोली मिळते, कुटुंबाला ठेवता येतं, आणि उंद्री जवळ. मला पंधरा दिवसांत होय की नाही सांगायचं आहे. तुमचा विचार कळवावा. गीतानेही लिहावं, बांधावरच्या अंजनाचं कसं काय आहे. मला ते कळणं जरूर आहे.

शालिग्राम

—

(कार्ड)
उंद्री,
पौष व. १२, शके १८५७

स्वामींस गीताचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामाजी सांगतात ते आधी लिहिते. ते म्हणाले, "त्याले सांग, मोठी जागा भेटून राह्यली तं सोडू नको, पण जे करशीन ते घरचं पाहून कर." भाऊजींनी त्यावर मान हलवली.

तुम्ही बांधावरच्या अंजनाचं विचारलंत. तिथे आता अंजन म्हणता येत नाही, पळस म्हणावा. पळसाला पाने तीन. प्रकार बदलला आहे, तो नकाशात घ्यावा आणि मग काय ते ठरवावं.

अधिक लिहायची इथे सोय नाही. सासूबाई म्हणतात, काही गोष्टी पाचवा लागल्याशिवाय वेशीबाहेर जाऊ देऊ नयेत. तुम्ही जाणते आहात.

सेविका गीता

—

(कार्ड)
मु. तंबू,
ता. ३ फेब्रुवारी १९३६

ती. आबांचे चरणी साष्टांग नमस्कार.

घरचं पाहून मी चांद्याला होय सांगितलं. गीताने पळसाचं लिहिलं ते समजलं. मी संक्रांतीला येऊ शकलो नाही, त्याचा राग असणार, आणि तो रास्त आहे. पण कुठेही गेलं तरी सारखंच असेल, तर मग वरची जागा सोडण्यात अर्थ नाही. बोथ्याला दुसरा माणूस नेमला गेला.

इकडे सालई. होळीनंतर निघतो. जाताना उंद्रीला येणं होणार नाही, सामान थेट जलंब स्टेशनावर गाडीत चढवायचं आहे.

शालिग्राम

—

(कार्ड)
उंद्री,
फाल्गुन व. २, शके १८५७

स्वामींस गीताचा नमस्कार.

मामाजींना गुडघ्याचा त्रास, बाकी ठीक. रस्त्याच्या कडेचा पळस फुलला आहे. कार्डावर तुम्ही नकाशाचं काहीच लिहिलं नाहीत. घेतलंत की नाही, तेही नाही. मी दाराआडून दोन वेळा नीट ऐकलं.

गीता

—

उंद्री,
वैशाख शु. ९, शके १८५८

चिरंजीव शालिग्रामले भाऊ हिंमतरावाचा आशीर्वाद.

आज मी कार्ड लिहून नाही राह्यलो, पाकीट पाठवून राह्यलो. काऊन की हे मले ओसरीवर वाचायचं नाही. तुले माहीत हाये, मले तुह्यासारखं पुस्तकी लिहिता येत नाही. बोलतो तसंच लिहितो.

बाबू, तू जंगल मोजतं म्हंतेत, पण तुले पानं मोजता येत नाहीत.

तुह्ये समदे कार्डं म्या वाचले. पहिल्याच कार्डाले मले समजलं होतं का हे अंजन काही झाड नोहे. बाप्पा, झाड पाहून कोनाचे पाय आडतेत? म्या तुह्या वहिनीले सांगतलं, वहिनीनं मायले सांगतलं, मायनं आबाले. आबा डोये मिटून बसत, पण जागी असत. पंजाबराव तेवढा राह्यला होता, त्यालेही चिंचेच्या कार्डाले समजलं. म्या चिंच वाचली आन् मले खोकला आला. तुवं त्याले उत्तर काय धाडलं, तं चिंच लावलेलं झाड हाये. ते कार्ड वाचतानी मले लाज वाटली, तुह्या वाटची.

मंग तिचं पळसाचं कार्ड. 'पळसाला पाने तीन.' म्या ते वाचलं. आबानं डोये उघडले. पंजाबराव म्हने, "चांगलं झालं." आम्हाले वाटलं, आता शालिग्राम बोथ्याले येते. तं तुह्यं आलं का कुठीही गेलं तरी सारखंच. म्या तिचं कार्ड धाडाच्या आंधी दोनदा वाचलं होतं. तिनं 'तीन' लिहिलं होतं रे. 'तीनच' नाही. तो च तुवं कुठून आनला?

म्हनीतला पळस तुले दिसला, घरचा नाही दिसला.

माह्या मनात होतं तवाच लिहावं. पन मायनं शपथ घातली होती, पाचवा लागेपर्यंत तोंडातून काढाचं नाही, दृष्ट लागते. पाचवा लागला तवा तू चांद्याच्या वाटेवर, आन् तुह्या पत्त्याचा पत्ता नाही. आता पत्ता भेटला तं तिले सातवा लागून राह्यला. येत्या बुधवारी मी तिले रोहिणखेडले पोचवतो, पहिलं बाळंतपन माहेरीच.

तिनं कोनाजवळ एक शब्द काढला नाही. निस्ती तुह्यं ते फेब्रुवारीचं कार्ड वाचून झालं तवा दाराआडून आत गेली, आन् त्या दिवसापासून कार्ड आलं तरी दाराशी येत नाही. तुह्या वहिनीले इचारते, काय लिहिलं म्हनून. माह्यानं ते पाहवत नाही म्हनून लिहून राह्यलो.

तूच घरी सांगे ना, साहेब म्हनते, खालचं रोप पाहाव. पाहाव बाबू.

हिंमतराव

—

(कार्ड)
मु. तंबू, चांदा जिल्हा,
ता. १८ मे १९३६

ती. आबांचे चरणी शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. आईस, वहिनीस नमस्कार. पंजाबकाकांस रामराम.

भाऊ, हे कार्ड ओसरीवर नेहमीच्या आवाजात वाचावं. हळू वाचू नये, मधलं गाळू नये. वाचून झालं की रोहिणखेडला न्यावं आणि तिथेही असंच वाचावं. मी पाकीट घेतलं होतं, ते फाडून टाकलं. इतके दिवस झाडांच्या आड राहून लिहिलं, त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

तीनला च मी लावला. तिनं लावला नव्हता. ती रुसली असेल असं माझ्या मनात आधीच होतं, म्हणून मला तसंच दिसलं. बोथ्याची खोली गेली ती माझ्यामुळे. ती जागा परत मिळावी म्हणून अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. पावसाळ्यात पार्टी नागपूरला बसून नकाशे रंगवते. आषाढात रजा मागितली आहे. साहेबांनी होय म्हटलेलं नाही, नाही असंही म्हटलेलं नाही.

पुढचं पुस्तकी भाषेत लिहून पाहिलं, जमलं नाही.

गीते, मले तुह्याबिगर करमत नाही. सकाळी करमत नाही आन् सांजच्यालेही करमत नाही. मले तुह्याजवळ याचं हाये. हे समद्यायनं आयकलं तरी चालते.

शालिग्राम

—

रोहिणखेड,
ज्येष्ठ शु. ११, शके १८५८

स्वामींस गीताचा नमस्कार.

पाकीट माझं मी चिकटवणार आहे. पण तुमच्या कार्डानंतर पाकिटाला काही अर्थ उरला आहे असं मला वाटत नाही.

आधी राग लिहिते, म्हणजे तो संपेल. मी पळस लिहिला तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. ओसरीवरून माझा शब्द सुखरूप तुमच्यापर्यंत जाईल आणि कुणाला काही कळणार नाही, असं वाटलं होतं. सगळ्यांना कळलं, आणि तुम्हाला कळलं नाही. तुमचं उत्तर भाऊजींचं वाचून झालं तेव्हा मी दाराआडून आत गेले. बोथ्याचं कार्ड आलं त्या दिवसापासून मी तिथल्या न पाहिलेल्या खोलीत राहत होते. तिथे चूल कुठे मांडायची ते मी ठरवलं होतं. ते मोडायला मला पार चैत्र लागला. तेव्हा तुम्ही जवळ हवे होतात, भांडायला तरी.

राग संपला.

आता कार्डाचं लिहिते. उंद्रीला काय झालं ते भाऊजींनीच सांगितलं. त्यांनी ओसरीवर नेहमीसारखा घसा खाकरला आणि सगळं वाचलं, शेवटचंही. जाऊबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. पंजाबराव तंबाखू मळायचे थांबले. मामाजींनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "पोराले लाज राह्यली नाही." आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "बाळंतीण उठली का सूनबाईले अन् लेकराले चांद्याले पोचवून दे, हिंमत. नाही तं हा आजून काय काय लिहीन." सासूबाईंनी लगेच दुपट्याला सुरुवात केली, प्रवासाचं जाड हवं म्हणून.

ते माझ्यासाठी एवढं मोठं होतं की भाऊजींनी दुसऱ्यांदा सांगेपर्यंत मला खरं वाटलं नाही. तंबूत मूल घेऊन कसं राहायचं ते मला माहीत नाही. शिकेन. तुम्ही सरळ रेघेनं चालत जा, मी तंबू सांभाळीन.

पण ते दिवाळीनंतरचं झालं. मध्ये अख्खा पावसाळा आहे. तुमची आषाढातली रजा होय नाही, नाही नाही, अशी आहे, आणि मला वाट बघायची आता भीती वाटते. संक्रांतीला मी अशीच बघितली होती. वेशीपाशी दमणीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की दादा उगीच पाणी प्यायला उठतो आणि बाहेर डोकावून येतो, म्हणजे मला उठायला नको. मी त्याला सांगितलेलं नाही. त्याचं तोच करतो. रात्री मी कुशीवर वळते, आतलं लेकरू लाथ मारतं, आणि मला तुम्हाला हाक मारावीशी वाटते. तुमचं नाव मी आजपर्यंत घेतलेलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. परवा अंधारात एकदा हळूच घेऊन पाहिलं.

मशिदीमागच्या माळावर आई आता जाऊ देत नाही. इथून दिसतो तेवढा बघते. काटेरी झुडपी प्रकार. माझं तिथून लक्ष निघत नाही.

भाऊजी काल उंद्रीहून दमणी जोडून आले, फक्त कार्डासाठी. बाबांच्या ओट्यावर बसले. बाबा, आई, दादा, शेजारच्या आशाबाई, सगळे जमले. भाऊजींनी मला सांगितलं, दाराआड नको, बाहेर येऊन बस. मी बाहेर बसले. माझ्याकडे न बघता त्यांनी नेहमीच्या आवाजात वाचलं. शेवटच्या ओळींना दादा उठून गाईला कडबा टाकायला गेला. बाबा आभाळाकडे बघत होते.

वाचून झालं. माझ्या आईला तुमच्या कार्डांची सगळी ख्याती ऐकून माहीत होती, म्हणून तिनं विचारलं, "आन् यात झाड कोंतं हाये?"

भाऊजींनी कार्ड उलटं करून पत्त्याची बाजू पाहिली, पुन्हा सुलटं केलं.

"या खेपेले झाड नाही, विहीणबाई," ते म्हणाले.

गीता